चार मिनिटं चाळीस सेकंद

१

मंगळवार, सात ऑक्टोबर. सकाळी सात वाजून एक्कावन्न मिनिटं आणि अकरा सेकंदांनी पुएर्तो तेनीओच्या धक्क्यावरच्या पेटीला दुसरं कार्ड लागलं आणि ‘दोन्या एल्सीरा’ या पाणबुड्यांच्या बोटीला समुद्रात जायचा परवाना मिळाला. सात चोपन्नला बोटीने दोर सोडला. नऊ वीसच्या सुमारास, बेटाच्या उत्तर टोकापासून तीन मैलांवर, ती उलटली.

बोटीवर तिघं होते. मालक एदेसिओ चिगुआयचा मृतदेह बुधवारी दुपारी खडकांत सापडला. पाणबुड्या आर्तेमिओ राइनचा पत्ता नाही. हवेची नळी सांभाळणारा लुपेर्सिओ रिकाम्या पिंपाला मिठी मारून दोन तास तरंगला आणि वाचला.

गुरुवारी सकाळी नोल्फा गिनेओ कास्त्रो शहरातल्या कचेरीतून लाँचने आली. पेटी तिनेच बनवलेली होती. पेटीतली नोंद बाहेर काढायची, ती खरी असल्याचा दाखला जोडायचा आणि शुक्रवारी दुपारी बाराच्या आत सरकारी वकिलाकडे पाठवायची, एवढंच काम तिला दिलं होतं. एदेसिओ गेला, आर्तेमिओ बहुधा गेला. परवाना ज्याने दिला, मनुष्यवधाचा गुन्हा त्याच्यावर. कोणावर, हे नोल्फाच्या दाखल्यावर ठरणार होतं.

या खाड्यांमध्ये हवा बिघडली की पहिला मरतो तो उपग्रहाचा दुवा. म्हणजे जायचं की नाही हे विचारायची वेळ येते, तेव्हा विचारायला कोणी नसतं. म्हणून निर्णय कास्त्रोत न घेता धक्क्यावरच घ्यायचा, असं नोल्फाने ठरवलं होतं. पेटी स्वतः वारा मोजते. वारा मर्यादेत असेल तर दोन कार्डं मागते, एक आल्काल्देचं आणि एक पाणबुड्यांच्या संघटनेचं. दोन्ही लागली की परवान्याची चिठ्ठी छापून बाहेर येते. प्रत्येक नोंदीवर आधीच्या नोंदीचा शिक्का असतो, त्यामुळे मधली एक ओळ खोडली तर पुढची सगळी वही फाटते. दुवा परत आला की प्रत कास्त्रोला जाते. गावोगावी पेटी बसवताना नोल्फा एक वाक्य हमखास बोलायची: नेट जाईल, वीज जाईल, पण वही खोटं बोलणार नाही.

धक्क्यावर सोफानोर बार्रिया टोपी हातात धरून उभे होते. आल्काल्दे दे मार, म्हणजे दर्याचा पाटीलच म्हणा. गावाने निवडलेला, आरमाराने मान्य केलेला. वय सदुसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला. ते तिची वाट बघत होते.

“बाई, पेटी उघडायचे कष्ट घेऊ नका,” ते म्हणाले. “कार्ड मी लावलं. लिहून घ्या आणि दुपारच्या लाँचने परत जा. हवा फिरायच्या आत पोचाल.”

“मला नोंद तरी काढावी लागेल, आल्काल्दे.”

“काढा की. त्यातही तेच असणार. वारा पडेल असं वाटलं मला. चुकलो. आधी माझं कार्ड लावलं, मग उबेर्लिंदाला हाक मारली, तिने संघटनेचं लावलं. रोजच्यासारखंच.”

ते ज्या ठामपणे बोलले, त्याने नोल्फाला बरं वाटलं. हे नंतर तिने स्वतःशी कबूल केलं. वही खरी, कबुली खरी, पेटी निर्दोष. चाळीस गावांत त्या पेट्या लागल्या होत्या, आणखी साठ लागायच्या होत्या.

तिने पेटीचं झाकण उघडून नोंद पडद्यावर घेतली.

सात सेहेचाळीस एकतीस: संघटनेचं कार्ड.

सात एक्कावन्न अकरा: आल्काल्देचं कार्ड.

सोफानोर म्हणाले होते, आधी माझं.

२

पेटीच्या खोपटाला लागूनच उबेर्लिंदा राइन यांची भट्टी. त्या संघटनेच्या चिटणीस आणि आर्तेमिओच्या थोरल्या बहीण. भाऊ दोन दिवस समुद्रात होता आणि बाई कणीक मळत होत्या. सकाळी पाव लागतोच, माणूस असो वा नसो.

“बसा,” उबेर्लिंदा म्हणाल्या. “कास्त्रोची माणसं उभ्याने प्रश्न विचारतात आणि बसून पगार घेतात असं ऐकलंय.”

नोल्फा बसली. “दोन्या उबेर्लिंदा, मंगळवारी तुम्ही कार्ड लावलंत?”

“लावलं.”

“आल्काल्देंच्या आधी की नंतर?”

“पाव आधी टाकला की नंतर ते विचारा, सांगते. कार्डाचं कोण लक्षात ठेवतं?”

“त्या वेळी आल्काल्दे इथे होते?”

बाईंचे हात कणकेत थांबले. “होते असं ते म्हणतात ना? मग होते. दर्याचा पाटील आहे तो. त्याला खोटं पाडायला मी कोण?”

नोल्फाने भिंतीकडे बघितलं. भट्टीच्या डाव्या अंगाला लाकडी खांब होता. खांबावर डोक्याएवढ्या उंचीवर एक ताजं भोक होतं. आतलं लाकूड अजून पांढरं. तिथला खिळा कोणीतरी उपटला होता.

तो खिळा नोल्फाने पाहिला होता. जुलैत ती पेटीची बॅटरी बदलायला आली होती. बाहेर गारा पडत होत्या. उबेर्लिंदांनी तिला भट्टीपाशी बसवून गरम मिल्काओ खायला दिले होते. बटाट्याच्या त्या वड्यांवरून ओठांवर आलेलं तूप पुसताना तिचं लक्ष खांबावर गेलं. एकाच खिळ्याला दोन कार्डं लटकत होती. वर आल्काल्देचं, खाली संघटनेचं.

“दोन्ही इथेच राहतात वाटतं?” तिने हसत विचारलं होतं.

“ऊबदार जागा आहे,” उबेर्लिंदा म्हणाल्या होत्या. “ओलसर झाली तर तुमची पेटी रुसते.”

नोल्फाने आणखी एक मिल्काओ घेतला होता. तपासणीच्या कागदावर ‘कार्डं संबंधित व्यक्तींच्या ताब्यात’ या रकान्यात बरोबरची खूण केली होती.

आज ती उठली. खोपटात येऊन तिने जूनपासूनचे सगळे परवाने उघडले. एकशे त्र्याऐंशी. प्रत्येकात दोन कार्डांमधलं अंतर किती, ते मांडलं.

दोन वेगवेगळी माणसं एका पेटीपाशी आली की कधी वीस सेकंद लागतात, कधी दोन मिनिटं. एकाचा हातमोजा निघत नाही, दुसरा दोर बांधत असतो. इथे तसं काहीच नव्हतं. आठ सेकंद, नऊ सेकंद, अकरा, नऊ. एकशे ब्याऐंशी वेळा. आणि प्रत्येक वेळी आधी आल्काल्देचं, मग संघटनेचं, खिळ्यावरून वरचं आधी, खालचं नंतर काढावं तसं. एकच हात होता, रोजचा, सवयीचा.

हे आकडे तिला नवे नव्हते. ऑगस्टमध्ये वरिष्ठांपुढे तिने स्वतः ते दाखवले होते. ‘मंजुरीला लागणारा सरासरी वेळ: दहा सेकंद.’ टाळ्या पडल्या होत्या.

फक्त मंगळवारी क्रम उलटा होता आणि अंतर चार मिनिटं चाळीस सेकंद. म्हणजे त्या दिवशी रोजच्या हाताने एक कार्ड लावलं आणि दुसरं लावलं नाही.

दुसरं लावणारा हात वेगळा होता.

३

लुपेर्सिओ आत्याच्या घरी चुलीपाशी तीन घोंगड्या गुंडाळून बसला होता. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. ओठ अजून निळसर.

“आलीस? पेटीवाली ना तू?” तो म्हणाला. “तुझ्या पेटीने चिठ्ठी दिली आणि समुद्राने ती वाचलीच नाही बघ. अडाणी निघाला.”

“मंगळवारी सकाळी नेमकं काय झालं, सांगशील?”

“सांगायला काय. एरिसोचा हंगाम पंधरा तारखेला बंद. एदेसिओ म्हणाला, आज नाही तर मग पुढच्या मार्चपर्यंत समुद्रतळाचे ते काटेरी गोळे स्वप्नातच फोडून खा. आम्ही तयार झालो. मी कॉम्प्रेसर तपासत होतो. एदेसिओ सुकाणूपाशी. इंजिन सुरूच होतं.”

“आणि आर्तेमिओ?”

लुपेर्सिओने चुलीत लाकूड सरकवलं. सरकवायची गरज नव्हती. “तोही होता. कुठे जाणार?”

“चिठ्ठी बोटीवर कुणी आणली?”

“आणली असेल कुणीतरी. चिठ्ठीला पाय असतात.” मग तो एकदम सरळ झाला. “ऐक, आल्काल्देनेच परवानगी दिली. माझ्या कानांनी ऐकलंय. धक्का सोडून जेमतेम दोन मिनिटं झाली आणि ते रेडिओवर आले. ‘एल्सीरा, एल्सीरा, कुठे निघालात?’ एदेसिओ म्हणाला, ‘हे काय विचारणं झालं, आल्काल्दे? चिठ्ठीवर तुमचंच कार्ड आहे.’”

“मग?”

“मग काही नाही. थोडा वेळ नुसती खरखर. आणि मग ते म्हणाले, ‘सांभाळून जा.’ ”

“किती वेळ खरखर?”

“मोजायला मी तुझी पेटी आहे का? पण लांब होती. एदेसिओ माझ्याकडे बघून म्हणालाही, म्हातारा डुलकी घेतोय वाटतं.” लुपेर्सिओ हसायला गेला आणि खोकला. खोकून झाल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “त्याने ‘मागे फिरा’ म्हटलं असतं ना, एदेसिओ फिरला असता. शिव्या दिल्या असत्या, पण फिरला असता.”

नोल्फा उठली. ही साक्ष कबुलीला घट्ट चिकटत होती. दाखला लिहायला आता कोणाची हरकत नव्हती.

दारात तिला आठवलं. बोट तीन मैलांवर तळाशी होती, पण बोटीवरही छोटी पेटी होती. धक्क्याजवळ असताना दोन्ही पेट्या एकमेकींच्या नोंदी उतरवून घेतात. एक बुडाली तर दुसरीकडे राहावं म्हणून ही सोय तिनेच केली होती. ती आजवर कधी कामी आली नव्हती.

खोपटात परत येऊन तिने शोधलं. बोट टप्प्याबाहेर जाईपर्यंतची वही धक्क्याच्या पेटीत जशीच्या तशी होती. सात चाळीस: इंजिन सुरू. ते पुढे एकदाही थांबलं नव्हतं. मालकाच्या मनगटाची दोरी सुटली की इंजिन बंद पडतं, म्हणजे एदेसिओ सुकाणूपासून हलला नव्हता. सात पंचेचाळीस ते सात बावन्न: कॉम्प्रेसरची चाचणी, दर मिनिटाला बटण दाबलेलं. म्हणजे लुपेर्सिओही हलला नव्हता. बोटीवर पाय ठेवताच प्रत्येकाचा बिल्लाही नोंदला जायचा.

सात त्रेपन्न: आर्तेमिओ राइनचा बिल्ला बोटीवर.

नोल्फाने ती ओळ तीनदा वाचली. तरी अजून एक जण उरत होता, आणि तो माणूस तर स्वतःच कबूल करत होता.

४

सोफानोरांचं घर टेकडीच्या माथ्यावर. धडधाकट माणसाला चढायला दहा मिनिटं. कुंपण रिकामं, आत खुंटीला एक पिवळा मेणकापडी डगला. खिडकीपाशी बॅरोमीटर, त्याखाली जाड पुठ्ठ्याची वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन.

“बघू का?” नोल्फाने वहीकडे बोट केलं.

“हवेची वही आहे. त्यात काय बघायचंय?”

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. एकोणीस वर्षांच्या नोंदी, दर अर्ध्या तासाला एक, पहाटे पाचपासून. तिने मंगळवारचं पान काढलं.

सात तीस: ९९१, उतरतोय. उत्तरेचा वारा येणार. डगला आत.

सात छप्पन्न: एल्सीरा बाहेर. रेडिओ.

आठ: ९८८.

“आल्काल्दे,” ती म्हणाली, “धक्क्यावरून इथे यायला तुम्हाला किती वेळ लागतो?”

“गुडघ्याच्या मर्जीवर आहे.”

“पंचवीस मिनिटं. एप्रिलमध्ये मी तुमच्याबरोबर चढले होते. सात एक्कावन्नला तुम्ही खाली कार्ड लावत होतात, तर सात छप्पन्नला इथे बसून हे कुणी लिहिलं?”

“पान फाडायला हवं होतं,” ते म्हणाले. “दोनदा हात घातला. जमलं नाही. तोंडाने खोटं बोलता येतं मला. वहीत लिहिता येत नाही.”

“डगल्याचं काय?”

उत्तर दारातून आलं. उबेर्लिंदा टोपलीत पाव घेऊन चढून आल्या होत्या. त्यांना धाप लागली होती.

“डगला कुंपणावर असला की जायचं, आत असला की नाही,” त्या म्हणाल्या. “जूनपासून. त्याचा गुडघा सुजला, रोज उतरणं होईना. मग कार्ड माझ्याकडे ठेवलं. तो वरून दर्या बघायचा, मी खालून डगला बघायचे. डगला दिसला की दोन्ही कार्डं लावायची. एकदाही चूक झाली नाही. ते पण तुमच्या पेटीत लिहिलंय का?”

“नाही,” नोल्फा म्हणाली. “डगला पेटीला दिसत नाही.”

“मग कसली पेटी ती.”

“मंगळवारी डगला नव्हता.”

“नव्हता.” उबेर्लिंदांनी टोपली खाली ठेवली. “पोरं घाईला आली होती. मी म्हटलं, संघटनेचं लावून ठेवते. म्हाताऱ्याने डगला टाकला की त्याचं लावेन. तेवढाच वेळ वाचेल. आणि आत पाव बघायला गेले.”

“आणि तुमचा भाऊ पाव घ्यायला आला.”

“रोज यायचा, बोटीवर न्यायला,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही दोन्ही कार्डं नऊ सेकंदांत लावता,” नोल्फा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच कोर्टातल्यासारखा वाटला. “त्या दिवशी साडेचार मिनिटांहून जास्त गेली, म्हणून दुसरं तुम्ही लावलं नाही. आल्काल्दे इथे वर होते. एदेसिओ सुकाणू सोडून गेला असता तर इंजिन बंद पडलं असतं. लुपेर्सिओचा हात बटणावर होता. कार्ड सात एक्कावन्नला लागलं. दोन मिनिटांनी आर्तेमिओ बोटीवर चढला.”

“कार्ड ओलं होतं,” उबेर्लिंदा म्हणाल्या. “मी बाहेर आले तेव्हा. खिळ्यावर परत लावलेलं, पण ओलं. त्याचे हातमोजे नेहमी ओले असायचे.” त्यांनी पदरासारखा बांधलेला ॲप्रन दोन्ही मुठींत धरला. “त्याने टेकडीकडे बघितलंच नसणार, पोरी. रोज मी दोन्ही लावते हे त्याला माहीत. त्याला वाटलं असेल, ताईचा पाव जळतोय म्हणून एक राहिलं. मला मदत केली त्याने.”

“मग तुम्ही गप्प का बसलात?” नोल्फाने सोफानोरांना विचारलं. “तुम्ही तर नाही म्हणाला होतात. तुमचंच बरोबर होतं.”

सोफानोरांनी वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. रेडिओ. त्यापुढची जागा कोरी होती. एकोणीस वर्षांत अपुरी सोडलेली ती एकच ओळ असावी.

“एदेसिओ म्हणाला, चिठ्ठीवर तुमचं कार्ड आहे,” ते म्हणाले. “मी म्हणायला हवं होतं, ते मी लावलेलं नाही. मागे फिर. सहा-सात शब्द. पण रेडिओ उघडा असतो, बाई. आरमाराचं ठाणं ऐकतं. मी कार्ड खिळ्याला टांगलंय हे सगळ्या खाडीला कळलं असतं. पाटीलकी गेली असती, उबेर्लिंदाला जाब द्यावा लागला असता. मी बटण दाबून धरलं आणि विचार करत बसलो. काचेत पारा उतरताना दिसत होता मला. आणि मग म्हणालो, सांभाळून जा.” त्यांनी वही मिटली. “म्हणून सांगतो, कार्ड मी लावलं असंच लिहा. फार फरक नाही.”

“कायद्याला फरक आहे.”

“असेल. आणि आर्तेमिओचं नाव लिहू नका. तो समुद्रात आहे. त्याला उलट बोलता येत नाही.”

उबेर्लिंदा त्यांच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत विनंती होती की राग, ते नोल्फाला कळलं नाही. “आणि तू?” त्या एकदम तिच्याकडे वळून म्हणाल्या. “जुलैत माझ्या भट्टीपाशी बसून खिळा बघितलास ना तू? चार मिल्काओ खाल्लेस. तेव्हा का नाही ओरडलीस?”

५

नोल्फा उतारावर एका दगडाशी थांबली. वारा अजून उत्तरेचाच होता.

जुलैबद्दल उबेर्लिंदांना माहीत होतं. एप्रिलबद्दल फक्त तिलाच. पेटी बसवली तेव्हा नियम असा होता: पहिल्या कार्डानंतर साठ सेकंदांत दुसरं लागलं नाही तर विनंती रद्द, सगळं पहिल्यापासून. चाचणीच्या दिवशी सोफानोर धक्क्याच्या टोकाला बोट तपासायला गेले आणि लंगडत परत येईपर्यंत विनंती रद्द झाली. तीनदा. लोक हसले. ते हसले नाहीत. चौथ्या वेळी ते घामाघूम होऊन आले, तेव्हा नोल्फाने तिथल्या तिथे नियम बदलला. त्यांना चार मिनिटं लागत होती. तिने पाच दिली. माणसाचा मान राहावा म्हणून दिली.

जुना नियम असता तर सात सत्तेचाळीसनंतर आर्तेमिओने कार्ड दाबून काहीच झालं नसतं. पाच मिनिटांच्या नियमातही आणखी वीस सेकंद उशीर पुरला असता. एखादा पाव हातात घेऊन वास घेण्याइतका वेळ.

कास्त्रोहून निघताना वरिष्ठांनी सांगितलं होतं, “फक्त नोंद खरी आहे एवढं लिही. मत नको. कोणाचं कार्ड ते वही सांगते.” त्यात खोटं काहीच नव्हतं. वही खरीच होती. तिने अक्षरही खोटं लिहिलं नसतं आणि सोफानोर तुरुंगात गेले असते, स्वतःच्या पायाने, जवळजवळ समाधानाने.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला ती खोपटात बसली. दाखला तिने कागदावर लिहिला नाही. थेट पेटीत नोंद म्हणून घातला, कारण कागद कास्त्रोत बदलता येतो. तिने लिहिलं की आल्काल्देचं कार्ड आल्काल्देने लावलेलं नाही, ते त्या वेळी टेकडीवर होते आणि त्यांचा निर्णय नकाराचा होता. बोटीच्या वहीतल्या वेळा जशाच्या तशा उतरवल्या. आर्तेमिओचं नाव सात त्रेपन्नच्या ओळीत आलं. त्याच्या बाजूने ती एकच वाक्य लिहू शकली: दोन्ही कार्डं एकाच खिळ्याला असत आणि एकच हात ती लावत असे, हे त्याने रोज पाहिलेलं होतं. रेडिओवरचं बोलणंही तिने लिहिलं. तिथे तिचा हात थांबला, पण लिहिलं.

शेवटचा परिच्छेद स्वतःबद्दल होता. साठ सेकंदांची पाच मिनिटं कुणी केली. खिळा कुणी पाहिला, कधी पाहिला आणि कोणत्या रकान्यात कोणती खूण केली. दहा सेकंदांच्या सरासरीवर टाळ्या कुणी घेतल्या.

सोफानोर दारात येऊन उभे राहिले. ते टेकडीवरून चालत आले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“माझं नाव काढून टाकायला सांगितलं नव्हतं मी,” ते म्हणाले.

“काढलं नाही. रेडिओचं लिहिलंय.”

त्यांनी मान हलवली. “आणि हे खाली काय?”

“ते माझं.”

त्यांनी सावकाश, ओठ हलवत वाचलं. “तुम्ही ती पाच मिनिटं माझ्यासाठी दिलीत,” ते म्हणाले.

“हो.”

“हे लिहिलं नाहीत.”

“लिहिलं तर सबब वाटेल.”

“खरं आहे ना? मग लिहा. वहीत अर्धं लिहायचं नसतं. मला विचारा.”

तिने ती ओळ घातली. मग स्वतःचं कार्ड पेटीवर टेकवलं. नोंदीला शिक्का बसला आणि ती बदलणं आता तिच्याही हातात राहिलं नाही.

शुक्रवारी अकरा वाजून चौदा मिनिटांनी उपग्रहाचा दुवा परत आला. तो एकोणीस मिनिटं टिकला. नोंद कास्त्रोला गेली, तिथून सरकारी वकिलाच्या कार्यालयात गेली. पोहोच आली. वरिष्ठांचा निरोप आला नाही.

शनिवारी दुपारी आरमाराची लाँच धक्क्याला लागली. तिघांच्या शोधपथकाने उत्तर टोकाचा किनारा पुन्हा पिंजून काढला होता. आर्तेमिओ राइन सापडला नव्हता. उबेर्लिंदांनी विचारलं नाही, पथकातल्या माणसाने स्वतःहून मान हलवली.

लाँचवरच्या शिपायाने सोफानोर बार्रिया यांना एक पाकीट दिलं. सोमवारी दहा वाजता हजर राहायचं होतं, आरोपी म्हणून. कागदावरची तारीख बुधवारची होती, नोल्फा यायच्याही आधीची. शुक्रवारची नोंद कोणी वाचली होती की नाही, हे त्यावरून कळत नव्हतं.

नोल्फा शिपायाजवळ गेली. तिने आपलं नाव सांगितलं आणि आपल्यासाठी काही आहे का विचारलं.

त्याने पिशवीतली पाकिटं एकेक करून बघितली, मग पुन्हा एकदा बघितली.

“गिनेओ,” तो म्हणाला. “नाही. त्या नावाचं काही नाही.”